किमोनंतरच्या एमआरआयला येताना जुनी सीडी आणा

हाडाच्या कॅन्सरवर किमो चालू असलेल्या रुग्णांच्या घरचे आमच्या स्कॅन सेंटरच्या काउंटरवर पहिला प्रश्न विचारतात, "गाठ किती कमी झाली?" हे एकट्या नव्या स्कॅनवरून सांगता येत नाही. किमोआधीचा स्कॅन शेजारी लावूनच सांगता येते. आणि नेमकी तीच सीडी घरी राहिलेली असते.

बहुतेक जण फिल्म आणि रिपोर्ट घेऊन येतात. फिल्मवर निवडक चित्रे असतात, तीही लहान करून छापलेली. सीडीत शेकडो असतात आणि मिलिमीटरची मापे त्यांवरच घेता येतात. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो तर मुळीच चालत नाही. म्हणून सीडी नसेल तर आम्ही रिपोर्ट थांबवतो. धार-खरगोनहून आलेल्यांना पुन्हा फेरी पडते, हे आम्हाला कळते. पण तुलना नसलेल्या रिपोर्टवरून तुमचे डॉक्टर पुढचे काय ठरवणार?

सीडी फाइलला स्टेपल करू नका. पिन आरपार गेलेली सीडी उघडत नाही. पेनड्राइव्ह आणत असाल तर पूर्ण फोल्डर कॉपी करा, नुसती चित्रे नकोत. सीडी मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये राहिली असेल तर जिथे स्कॅन झाला तिथून दुसरी प्रत मागून घ्या.

आता रिपोर्टमध्ये "माप तेवढेच" असे वाचून घाबरणाऱ्यांसाठी. ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरची गाठ स्वतःच हाड तयार करते. किमोने पेशी मेल्या तरी ते टणक हाड जागेवरच राहते, त्यामुळे आकार फारसा घटत नाही. म्हणून आम्ही गाठ कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेले औषध) किती आणि किती लवकर घेते ते पाहतो. डिफ्युजन नावाचा एमआरआयचा प्रकारही करतो: जिवंत पेशींच्या दाटीत पाण्याचे कण अडकतात, मेलेल्या भागात मोकळे फिरतात. इविंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कॅन्सरमध्ये मात्र हाडाबाहेरचा मांसल भाग बऱ्याचदा चांगलाच आक्रसतो. अंतिम उत्तर ऑपरेशननंतर पॅथॉलॉजी, म्हणजे काढलेल्या गाठीची तपासणी, देते. ऑस्टिओसार्कोमात ९० टक्के किंवा अधिक गाठ मृत निघाली तर प्रतिसाद चांगला मानतात.

"दुखणे गुडघ्याला, मग मांडीच्या पूर्ण हाडाचा स्कॅन का?" कारण त्याच हाडात मूळ गाठीपासून दूर दुसरी छोटी गाठ असू शकते. ती सुटली तर ऑपरेशनचा बेतच चुकतो. वेळ जास्त लागतो, पण यात आम्ही काटछाट करत नाही.

क्रिएटिनिनचा (किडनीची रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट आणा, कारण सिस्प्लाटिन आणि मेथोट्रेक्सेट या किमोच्या औषधांचा भार किडनीवर येतो आणि कॉन्ट्रास्ट देण्याआधी किडनी कशी आहे ते पाहावे लागते. पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन घेतले असेल तर त्याची तारीख सांगा. त्याने अस्थिमज्जा (हाडाच्या आतला मगज) वेगळी दिसते आणि वाचताना गल्लत होऊ शकते.

शक्यतो सगळे स्कॅन एकाच मशीनवर, त्याच सेटिंगवर करा, तुलना तेव्हाच चोख होते. पहिला स्कॅन आमच्या रामबागच्या सेंटरवर झाला असेल तर तो आमच्याकडे जपलेला असतो, सीडी आणायची गरज नाही. बाहेरची असेल तर आदल्या दिवशी आणून द्या. ती उघडते की नाही हे तुमच्यासमोरच पाहू, त्याचे पैसे घेत नाही.