कॉन्सर्ट सोप्रानो आणि ऑपेरा सोप्रानो : आवाजाची जात एक, व्यवसाय दोन

पाश्चात्त्य अभिजात संगीतातली उंच पट्टीत गाणारी कुठलीही गायिका आपल्याकडे सरसकट ‘ऑपेरावाली’ ठरते. संगीत नाटकातलं पद आणि बैठकीतला ख्याल यांत आपण गल्लत करत नाही. इथंही करायचं कारण नाही. सोप्रानो ही स्त्रीच्या आवाजाची सर्वांत उंच जात, पियानोच्या मधल्या सी या सुरापासून साधारण दोन सप्तकं वर जाणारी. त्या आवाजावर दोन निराळे व्यवसाय उभे राहतात.

ऑपेरा सोप्रानो पात्र उभं करते. चार ते सहा आठवडे तालमी, सगळी भूमिका पाठ, वेशभूषा, हालचाली. जर्मनीतली ऑपेरागृहं आवाजाचा प्रकार पाहून (हलका खेळकर सुब्रेट, भावमधुर लिरिक, चपळ तानांचा कोलोराटुरा, भारदस्त ड्रामाटिक) गायिकेला करारावर घेतात आणि महिन्याचा पगार देतात. कॉन्सर्ट सोप्रानोला बहुधा पात्र नसतं आणि पगारही नसतो. ऑरेटोरिओ (नेपथ्य-अभिनयाविना गायलेली, बहुधा धार्मिक कथा), पॅशन (येशूच्या यातनांची कथा), रिक्विएम (मृतांसाठीची प्रार्थना), सिंफनीतला गायनाचा भाग, पियानोच्या साथीनं गाण्यांची मैफल, अशी एकेक बिदागी जोडत तिचं वर्ष भरतं. ईस्टरच्या आधी बाखच्या पॅशन्स, डिसेंबरात हँडलचा ‘मसाया’. कंडक्टरबरोबर पियानोवर एक तालीम, ऑर्केस्ट्राबरोबर एक-दोन, की थेट कार्यक्रम. आयत्या वेळी कुणी आजारी पडलं तर आदल्या दिवशी फोन येतो. अशा वेळी ही नेहमीची कामं जिच्या गळ्यावर आधीच चढलेली असतात, तिलाच ते काम मिळतं.

पण खरा फरक दिसतो तो खुर्चीवर. ब्राम्सचा ‘जर्मन रिक्विएम’ सात भागांचा, सुमारे सत्तर मिनिटांचा. सोप्रानो गाते फक्त पाचव्या भागात, जेमतेम सात मिनिटं. (१० एप्रिल १८६८ ला ब्रेमेनच्या कॅथीड्रलमध्ये तो सादर झाला तेव्हा हा भाग त्यात नव्हताच, ब्राम्सनं तो नंतर घातला.) म्हणजे चार भाग सगळ्यांसमोर स्तब्ध बसायचं आणि मग पहिल्याच ओळीत उंच, मऊ सूर अलगद तरंगत ठेवायचा. मालरच्या चौथ्या सिंफनीतही गायिकेचा भाग शेवटचा, पाऊणएक तासानं येणारा. तिथं काही कंडक्टर तिला तिसऱ्या भागातल्या मोठ्या कल्लोळात मंचावर येऊ देतात. माझ्या मते हीच पद्धत बरी.

इतका वेळ बसून गळा थंड आणि कोरडा होतो, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो आणि पहिला सूर उतरलेला किंवा ताठर लागतो. यावर उपाय साधे आहेत, पण ते चुकवून चालत नाही. मंचावर जाण्याआधी वीसएक मिनिटं आवाज तापवायचा आणि शेवटची काही मिनिटं बारीक नळीतून सूर काढायचा. खुर्चीच्या पुढच्या कडेवर, पावलं जमिनीला टेकवून, बरगड्या मोकळ्या ठेवून बसायचं. कॉयरच्या (समूहगायकांच्या) ओळींबरोबर मनात गात श्वास घ्यायचा. पाण्याचे लहान घोट घ्यायचे. आणि उठायचं ते गाण्याच्या क्षणी नव्हे, थोडं आधी, म्हणजे दोन पूर्ण श्वास हाताशी राहतात.

ऑपेरात कंडक्टर मंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, गायिकेच्या समोर असतो. कॉन्सर्टमध्ये ती बहुतेक वेळा ऑर्केस्ट्राच्या पुढे, कंडक्टरच्या शेजारी उभी राहते, म्हणून त्याचा हात तिला डोळ्याच्या कोपऱ्यातूनच टिपावा लागतो. ऑरेटोरिओत हातात स्वरलिपीची काळी फाइल असते. फाइल फार वर धरली तर आवाज अडतो. खाली गेली तर हनुवटी झुकते आणि गळा दाबला जातो.

शब्दांची अडचण दोघींनाही आहे. ‘ई’ म्हणताना तोंडाच्या पोकळीचा पहिला अनुनाद सुमारे ३०० हर्ट्झला असतो. वरचा ए हा सूर असतो ८८० हर्ट्झचा. आवाज भरावा म्हणून गायिका जबडा खाली सोडते, अनुनाद वर सरकतो आणि ‘ई’ ‘आ’कडे झुकतो. ऑपेरात अभिनय आणि वर दिसणारं भाषांतर निभावून नेतात. गाण्यांच्या मैफलीत शब्द हाच सगळा ऐवज. म्हणून व्यंजन ठोक्याच्या किंचित आधी टाकायचं आणि सूर खाली उतरताच ‘ई’ पुन्हा स्वच्छ करायचा.

आणखी एक खाच : बरोक वाद्यांचा (बाख-हँडलच्या काळातल्या धर्तीच्या वाद्यांचा) ऑर्केस्ट्रा बहुधा ए ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे आजच्या नेहमीच्या ४४० पेक्षा हार्मोनियमच्या साधारण एका पट्टीनं (अर्ध्या सुरानं) खाली. घरच्या पियानोवर घोटलेली तान तिथं गळ्याच्या वेगळ्या जागी पडते, म्हणून दोन्ही पट्ट्यांत तयारी हवी.

सीमारेषा पक्की नाही. वेर्दीचा रिक्विएम २२ मे १८७४ ला मिलानच्या चर्चमध्ये पहिल्यांदा झाला, पण गायला तेरेसा स्टोल्झ होती, ला स्काला या तिथल्या ऑपेरागृहात वेर्दीच्याच ‘आईदा’ ऑपेराची नायिका गायलेली. आजही त्याला ऑपेराचाच दमदार गळा लागतो. उलट डच सोप्रानो एली आमेलिंग ऑपेरात क्वचितच गेल्या. १९६० साली मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ दोन्हीकडे वावरल्या. इंग्लिश संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्या आवाजासाठी कितीतरी रचना लिहिल्या.

कार्यक्रमपत्रिकेत नावापुढे पात्र छापलेलं असेल तर बहुधा ऑपेरा, नुसतं ‘सोप्रानो’ असेल तर कॉन्सर्ट. अपवाद ‘कॉन्सर्ट ऑपेरा’चा : तिथं पात्र असतं, पण नेपथ्य नसतं, फाइल बहुधा हातात, आणि तालमी कॉन्सर्टसारख्या मोजक्याच.