हौशी वाद्यवृंद, कोल्हापुरातील

हौशी वाद्यवृंद, कोल्हापुरातील : पोटापाण्याचा उद्योग वेगळा असलेल्या, पण फावल्या वेळात एकत्र जमून वाद्ये वाजवणाऱ्या मंडळींचा समूह. बोलीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे चित्रपटगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम. तो येथे अभिप्रेत नाही. लग्नाचा बँड, तालमींच्या मिरवणुकीतील झांजपथक आणि कुस्तीच्या मैदानातील हलगी-घुमके-कैताळ यांचाही समावेश केलेला नाही. (या शेवटच्या मेळाची लय मात्र पुष्कळ वृंदांना हेवा वाटावा अशी असते.)

संज्ञा व उगम : ‘नाट्यशास्त्रा’त वादकसमूहाला ‘कुतप’ म्हटले आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त वृंदांचे उत्तम, मध्यम व कनिष्ठ असे भेद सांगितले. उत्तम गायकवृंदात ४ मुख्य गायक, ८ सहगायक, १२ गायिका, ४ बासरीवादक व ४ मृदंगवादक असावेत, असा त्याचा हिशेब आहे. या आधारावर आजच्या वाद्यवृंदाची परंपरा थेट यादवकाळाला भिडवण्याचा मोह होतो. तथापि रत्नाकरातील हा वृंद मुळात गायकांचा. वादक त्यात साथीला. शिवाय पेटी, व्हायोलिन व क्लॅरिनेट ही आजच्या वृंदाची मुख्य सामग्री पाश्चात्त्य संपर्कातून आलेली आहे. त्यामुळे संस्थानी बँड आणि संगीत नाटकाची साथ यांपासून इतिहास धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

कोल्हापुरात हौशी संगीताला घर मिळाले ते गायन समाज देवल क्लबमुळे. त्याची स्थापना सर्वसाधारणपणे १८८३ सालची मानतात. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) अल्लादिया खाँ दरबारगायक होते आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर (पुढे केशवराव भोसले नाट्यगृह) उभे राहिले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी आपल्या संगीतसंस्काराचे बरेचसे श्रेय देवल क्लबला दिले आहे. पेटी ते बहुतांशी स्वतःच शिकले. हौसेतून व्यवसायाकडे जाणारी वाट त्यांच्याइतकी स्पष्ट क्वचितच दिसते : १९११ साली ‘संगीत मानापमान’च्या चाली, १९३२ साली ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’चे संगीत. ‘प्रभात’ १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली व १९३३ मध्ये पुण्याला गेली.

पेटीचा वाद : हौशी वृंदाचा सूर पेटीवर ठरतो आणि अडचण तिथेच सुरू होते. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. सप्तकाचे १२०० सेंट (स्वरांतील अंतर मोजण्याचे एकक) धरले, तर पेटीचा शुद्ध गंधार (ग) षड्जापासून (सा) ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. म्हणजे पेटीचा गंधार १४ सेंटनी चढा. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींची (सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांची) गणिती मांडणी प्रसिद्ध केली. तिच्या आधारे ब्रिटिश अधिकारी क्लेमंट्स यांनी पुरस्कारलेली श्रुतिपेटी (या श्रुती वाजवणारी पेटी) १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत मान्य झाली नाही. संगीतशास्त्रकार भातखंडे यांचा या मांडणीलाच विरोध होता. श्रुती मोजून पक्क्या करण्यापेक्षा त्या रागानुसार हलत्या मानणे वादनाच्या अनुभवाशी अधिक जुळते. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला. तो १९७१ च्या सुमारास सैल झाला. हौशी मंडळांना असला निर्बंध परवडणारा नव्हता, कारण नवख्या वादकाला हुकमी सूर देणारे दुसरे स्वस्त वाद्य नव्हते. पेटी हलत नाही, म्हणून व्हायोलिनवाला आपले बोट वर सरकवतो आणि गंधार सगळ्यांचाच चढतो.

वादनपद्धती : सर्वांनी एकच सुरावट वाजवायची, हा सर्वसाधारण प्रकार. पट्टी (षड्जाची जागा) बहुधा काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी; क्लॅरिनेटवाल्याला ती गैरसोयीची पडते. मिळवणीला (वाद्ये सुरात लावण्याला) वेळ जातो. जलतरंगवाला चमच्याने पाणी घालून वाटीचा सूर उतरवतो, काढून चढवतो. तबलजी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणीवर) वरून हातोडी मारून तबला चढवतो, खालून मारून उतरवतो. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेने पुडी (तबल्याचे कातडे) सैल पडते. मग एक गत (वाद्यावरील बंदिश) संपेपर्यंत हातोडी पुन्हा हातात येते.