बेल, गर्ट्रूड

बेल, गर्ट्रूड मार्गारेट लोदियन : (१४ जुलै १८६८ – १२ जुलै १९२६). इंग्रज प्रवासी, पुरातत्त्वज्ञ आणि इराकमधील ब्रिटिश प्रशासक. जन्म डरॅम परगण्यात, श्रीमंत पोलाद कारखानदाराच्या घरी. १८८८ मध्ये ऑक्सफर्डला आधुनिक इतिहासात प्रथम श्रेणी मिळवली. त्या काळी तिथे स्त्रियांना पदवी मिळत नसे. १८९२ मध्ये इराण पाहिला, फार्सीपाठोपाठ अरबीही आत्मसात केली.

त्यांचे खरे बळ नोंदी ठेवण्यात होते. करबल्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या उखैदिरच्या किल्लेवजा प्रासादाचे त्यांनी १९०९ मध्ये मोजमाप केले. बाहेरचा कोट साधारण १७५ × १६९ मीटर. १९११ मध्ये त्या पुन्हा तिथे गेल्या. पण ग्रंथ निघायला १९१४ उजाडले आणि जर्मन अभ्यासकांचा आराखडा १९१२ मध्येच छापून झाला होता. १९१३ च्या अखेरीस उत्तर अरबस्तानातील हाइल शहराकडे निघण्याआधी त्यांनी लंडनला भूमापन शिकून घेतले. हाइलला त्यांना काही दिवस शहराबाहेर पडू दिले नाही. त्यांची सुमारे ७,००० छायाचित्रे न्यूकॅसल विद्यापीठात आहेत. त्यांतल्या कित्येक वास्तू आता उरल्या नाहीत, म्हणून या छायाचित्रांचे मोल फार.

१९१६ च्या आरंभी त्या दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांना भेटून बसऱ्याला गेल्या. १९१७ पासून बगदादेत. इराकचे पहिले राजे फैसल यांना गादीवर बसवण्यात आणि इराकची दक्षिणेकडील वाळवंटी हद्द आखण्यात त्यांचा मोठा वाटा होता. शिया बहुसंख्य असलेल्या देशात त्यांनी भिस्त ठेवली ती सुन्नी प्रतिष्ठितांवर. ही त्यांच्या राजकारणातली गंभीर उणीव मानावी लागते. स्त्रियांच्या मताधिकारालाही त्यांचा विरोध होता.

१९२२ मध्ये त्या इराकच्या पुरातत्त्व विभागाच्या मानद संचालक झाल्या. उत्खननातील वस्तूंची वाटणी उत्खनक आणि इराक यांच्यात होई. १९२४ मध्ये दक्षिण इराकमधील ऊर या प्राचीन नगराच्या उत्खननातील वाटणीची सुरुवात रुपया उडवून झाली (इराकात तेव्हा हिंदुस्थानी रुपयाच चालत असे) आणि सोन्याचा स्कॅरब, म्हणजे भुंग्याच्या आकाराचा ताईत, संग्रहालयाकडे आला. बऱ्याच वस्तू तरीही परदेशी गेल्याच. पण इराकचा वाटा देशातच ठेवण्याच्या त्यांच्या आग्रहामुळे बगदादचे संग्रहालय उभे राहिले. त्याचे पहिले दालन उघडल्यावर काही आठवड्यांतच झोपेच्या गोळ्यांच्या अतिमात्रेने बगदादेत त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात ठेवलेल्या ६,००० पौंडांच्या आधारावर १९३२ मध्ये इराकमधील पुरातत्त्व संशोधनासाठी ब्रिटिश संस्था स्थापन झाली.