मोरचूद, मीठ आणि चुना : रासायनिक नावांची पार्श्वभूमी

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातील सुपारीच्या बागांत फळे कुजवणाऱ्या कोळेरोगाविरुद्ध बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो कळीचा चुना लागतो. बागायतदाराला ही नावे पुरतात. पदार्थ कशाचा बनला आहे, हे मात्र त्यांतून कळत नाही. अठराव्या शतकातील युरोपातही वेगळे चित्र नव्हते. मोरचुदालाच तेथे निळे व्हिट्रिऑल, सायप्रसचे व्हिट्रिऑल अशी अनेक नावे होती (व्हिट्रिऑल हे धातूंच्या सल्फेटांचे जुने नाव).

फ्रान्समधील दिजाँचे वकील आणि रसायनशास्त्रज्ञ गिताँ द मोर्व्हो यांनी १७८२ मध्ये नावे घटकांवरून ठेवण्याचा प्रस्ताव मांडला आणि १७८७ मध्ये लाव्हाझिए, बर्थोले व फुर्क्रॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांसह नामकरणाची पद्धत प्रसिद्ध केली. गंधकाच्या ज्या क्षारात ऑक्सिजन अधिक तो सल्फेट, ज्यात कमी तो सल्फाइट, हा प्रत्ययांचा नियम तेव्हाचाच.

पद्धत उत्तम होती, परंतु सिद्धान्तातील चूकही तिने नावात नेऊन बसवली. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, असे लाव्हाझिए मानत. मिठापासून मिळणाऱ्या म्युरिअ‍ॅटिक (आजच्या हायड्रोक्लोरिक) आम्लातही तो गृहीत धरला गेला आणि आपल्या मिठागरांत पिकते ते साधे मीठ ‘म्युरिएट ऑफ सोडा’ ठरले. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये सोडियम वेगळा केला आणि १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे, म्हणजेच त्या आम्लात ऑक्सिजन नसल्याचे, प्रतिपादन केले, तेव्हा कुठे सोडियम क्लोराइड या नावाची वाट मोकळी झाली.

या पद्धतीचे खरे बळ चुन्यात दिसते. कोकण किनाऱ्यावर शिंपले भट्टीत भाजून चुना करीत. शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. भाजल्यावर त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, उरतो. त्यावर पाणी घातले की कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते, आणि तेच भिंतीवर लावल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कार्बोनेट बनते. बोलण्यात भट्टीतला, विरलेला आणि भिंतीवरचा, सगळा चुनाच. रासायनिक नावांत मात्र प्रत्येक टप्प्यावर काय गेले आणि काय आले, ते वाचता येते.

कार्बनी संयुगांसाठी ही पद्धत अपुरी पडली. त्यांचे नियम १८९२ मध्ये जिनिव्हा येथे ठरले आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आययुपॅक या आंतरराष्ट्रीय संघाने ते काम पुढे नेले. तरीही जुनी नावे सर्वस्वी गेली नाहीत: शाळेच्या पुस्तकात व्हिनेगरमधील आम्ल ‘इथॅनॉइक’ असले, तरी आययुपॅकच्या २०१३ च्या शिफारशींत पसंतीचे नाव ‘अ‍ॅसेटिक आम्ल’ हेच आहे.