कानबानची पोच

2021 साली चिपच्या टंचाईने जगभरातील मोटार कारखाने अडखळले, तेव्हा ‘जस्ट-इन-टाइम’चे, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल बनवण्याच्या पद्धतीचे, दिवस संपले असा निष्कर्ष अनेकांनी घाईने काढला. मागणीनुसार उत्पादन म्हणजे साठा शून्य आणि अंदाज वर्ज्य, हा गैरसमज त्यामागे आहे. ही पद्धत घडवणारी टोयोटा त्या वर्षाच्या पूर्वार्धात बहुतेक स्पर्धकांपेक्षा सावरलेली राहिली, ती पुरवठादारांकडे चिपचा काही महिन्यांचा साठा होता म्हणून.

यात विसंगती नाही, हे कानबान या तिच्यातल्या कार्डव्यवस्थेच्या गणितातून दिसते. ताइची ओहनो यांनी टोयोटात रुजवलेल्या या पद्धतीत प्रत्येक खोक्याला एक कार्ड असते. खोक्यातला माल वापरायला घेतला की कार्ड सुटते, मागच्या विभागात जाते आणि तीच पुढच्या खोक्याची ऑर्डर ठरते. कार्डाशिवाय काहीही बनवायचे नाही, त्यामुळे साखळीतला माल कार्डांच्या संख्येने बांधलेला राहतो. मग कार्डे किती असावीत? समजा, एका सुट्या भागाची रोजची गरज 400 नग आहे, खोक्यात 20 नग मावतात आणि कार्ड सुटल्यापासून भरलेले खोके येईपर्यंत अर्धा दिवस जातो. तेवढ्यात 200 नग खपतात. 10 टक्के राखीव धरून 220 नग, म्हणजे 11 कार्डे पुरतात. एवढी कमी राखीव चालते, कारण टोयोटा जुळणीचा रोजचा क्रम मुद्दाम समतोल ठेवते.

आता हाच भाग कामाच्या 100 दिवसांनी मिळतो असे धरा. वाटेतच 40,000 नग हवेत, आणि आज सुटलेले कार्ड जी मागणी सांगते, ती माल हाती येईपर्यंत शिळी झालेली असते. रोजचे चढउतार परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर अनिश्चितता कालावधीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे कालावधी 200 पट झाला, तरी त्यासाठीची राखीव सुमारे 14 पटच लागते. परंतु मंदीत किंवा महासाथीत सगळे दिवस एकाच दिशेने सरकतात आणि वर्गमुळाचा हा आधार सुटतो.

चिप तयार व्हायला काही महिने लागतात. 11 मार्च 2011 च्या भूकंपात रेनेसास या चिप बनवणाऱ्या कंपनीचा जपानमधील नाका येथील कारखाना बंद पडला. त्यानंतर टोयोटाने पुरवठादारांना, माल मिळण्याच्या कालावधीनुसार, दोन ते सहा महिन्यांचा चिपसाठा ठेवायला लावला. जवळून येणारे भाग कार्डावर आणि चिप अंदाजावर व साठ्यावर, अशी ही जोड आहे. ह्युलेट-पॅकार्डने डेस्कजेट प्रिंटरसाठी तिसरा मार्ग जोडला: युरोपसाठी सामाईक प्रिंटर अंदाजाने बनवायचा आणि त्या त्या देशाचा वीजपुरवठा संच व माहितीपुस्तिका तिथल्या वितरण केंद्रात, मागणी कळल्यावर घालायची. सर्व देशांचा एकत्रित अंदाज प्रत्येक देशाच्या वेगळ्या अंदाजापेक्षा कमी चुकतो, म्हणून एकूण साठा घटतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने अंदाज अचूक होतील आणि साठ्याची गरजच उरणार नाही, ही जाहिरात मला ज्योतिषाच्या जवळची वाटते. अंदाज सुधारला, तरी चिप बनण्याचे महिने तेवढेच राहतात. शिवाय साठा त्याच्या मुदतीपुरताच टिकतो. ऑगस्ट 2021 मध्ये आग्नेय आशियातील पुरवठा कोविडमुळे विस्कळीत झाला, तेव्हा टोयोटालाही सप्टेंबरचे जागतिक उत्पादन नियोजनापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी घटवत असल्याचे जाहीर करावे लागले.