ब्रीड शो आणि एजिलिटी: 'चॅम्पियन' म्हणजे नेमका कशात?

बोगद्यातून पळत, अडथळ्यांवरून उड्या मारत सुसाट जाणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला की खाली कोणीतरी हमखास 'डॉग शो' असं लिहितं. ती असते एजिलिटी. इंग्लंडात बर्मिंगहॅमला भरणाऱ्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या मोठ्या मेळाव्यात ब्रीड शो आणि एजिलिटी दोन्ही एकाच ठिकाणी चालतात, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे, पण शोमुळे जातिवंत कुत्र्यांवर अन्याय होतो का असं कोणी विचारलं तर आधी हा फरक कळायला हवा.

ब्रीड शोमध्ये कुत्रा त्याच्या जातीच्या लेखी वर्णनाशी, म्हणजे ब्रीड स्टँडर्डशी, किती जुळतो ते बघतात. त्याला नीट उभं करतात, जज दात तपासतो, खांद्या-पाठीवरून हात फिरवतो, मग हँडलर त्याला रिंगमध्ये दुडक्या चालीने पळवतो, झालं. 1859 मध्ये न्यूकॅसलला असा शो भरला तेव्हा त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते, शिकारीची कुत्री, आणि बक्षीस काय तर बंदूक! तेव्हा रूप कामावरून ठरलेलं होतं. पुढे काम सुटलं, रूप तेवढं राहिलं.

एजिलिटीत घड्याळ आणि चुका, बाकी काही नाही. घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून ही कल्पना घेतली आणि 1978 ला क्रफ्ट्समध्ये मधला वेळ भरायला म्हणून दाखवली. वंशावळ लागत नाही, मिक्स कुत्रीही उतरतात.

आता अन्यायाचं. ब्रीड शोच्या दिवशी गर्दी, आवाज, तासन्‌तास ग्रूमिंग हा त्रास आहेच, पण माणसांत रमणाऱ्या कुत्र्याला तो झेपतो. खरा घाव बसतो अजून जन्मालाही न आलेल्या पिल्लांवर, कारण जिंकलेल्या नराला ब्रीडिंगसाठी मागणी येते आणि त्याचं चपटं नाक, त्याच्या कातडीच्या घड्या शेकडो पिल्लांत उतरतात. बुलडॉगचं डोकं इतकं मोठं करून ठेवलंय की बहुतेक पिल्लं सिझेरियननेच होतात. 2008 मध्ये बीबीसीवर यावर डॉक्युमेंटरी आली, इतका गदारोळ झाला की पुढच्या वर्षीपासून बीबीसीने क्रफ्ट्स दाखवणंच थांबवलं. मग 2012 ला क्रफ्ट्समध्ये 15 जातींच्या विजेत्यांची व्हेटकडून तपासणी सुरू झाली आणि त्यातली 6 कुत्री नापास झाली, त्यात बुलडॉगही होता आणि पेकिंगीजही. लक्षात घ्या, ही सहाही त्याआधी जजने आपापल्या जातीतली सर्वोत्तम म्हणून निवडलेली होती. मला हे वाचून राग आला होता आणि अजून येतो.

एजिलिटीत जोखीम असते ती त्याच कुत्र्याला, खांदा दुखावणं, पाय मुरगळणं, मालक हट्टाला पेटला तर जास्तच. म्हणून ब्रिटनमध्ये 18 महिन्यांच्या आतल्या कुत्र्याला उतरू देत नाहीत आणि अडथळ्यांची उंची कुत्र्याच्या उंचीप्रमाणे ठरते. ज्याला श्वासच पुरत नाही तो इथे जिंकणार नाही, पण म्हणून एजिलिटीतला विजेता निरोगी वंशाचा असतोच असंही नाही, डोळ्यांचे आनुवंशिक आजार घड्याळाला दिसत नाहीत.

आपल्याकडे मोबाइल कंपनीच्या त्या जाहिरातीनंतर चपट्या नाकाचा पग घराघरांत आला, त्याची घरघर लोकांना गोड वाटते, खरं तर तो श्वासासाठी धडपडत असतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो, मग विदर्भातल्या मे महिन्यात त्याचं काय होत असेल? उलट आपला कारवानी हा शिकारी कुत्रा बघा, लांब नाक, खोल छाती, सशामागे पळून पळून घडलेलं शरीर. आता तोही शोच्या रिंगमध्ये दिसतो. त्याला कोणी नुसत्या रूपावर निवडायला लागू नये असं मनापासून वाटतं.

आणि पिल्लू घेताना कोणी 'बाप चॅम्पियन आहे' असं सांगितलं तर कशात ते विचारा, आईबापांच्या तपासण्यांचे रिपोर्ट मागा, आणि आई नॉर्मल व्याली की सिझेरियन झालं तेही विचारा.