वैद्यकीय गांजा कार्ड (न्यू जर्सी)

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, ठरावीक आजार असलेल्या रुग्णाला गांजा आणि त्यापासून बनवलेली तेले, गोळ्या, मलमे विकत घेण्याची मुभा देणारे राज्य सरकारचे ओळखपत्र. लोक त्याला नुसते ‘मेडिकल कार्ड’ म्हणतात. कार्ड देते राज्याचे कॅनाबिस नियामक मंडळ. त्याआधी मंडळाकडे नाव नोंदवलेल्या डॉक्टरने रुग्णाला तपासून दाखला द्यावा लागतो. तो दाखला रुग्णाचा नेहमीचा फॅमिली डॉक्टरही देऊ शकतो, आणि या नोंदीत मुख्यतः त्याच मार्गाचा विचार केला आहे.

मराठी वाचकाचा इथे दोन शब्दांवरून घोटाळा होतो. अमेरिकेतले ‘प्रायमरी केअर क्लिनिक’ म्हणजे आपल्याकडचे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र नव्हे. तो घरच्या डॉक्टरचा दवाखाना. रक्तदाबापासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यासाठी माणूस आधी तिथे जातो आणि त्याची वर्षानुवर्षांची फाइल तिथेच असते. दुसरा शब्द ‘डिस्पेन्सरी’. मुंबईत डॉक्टरच्या दवाखान्यालाच डिस्पेन्सरी म्हणायची सवय आहे. न्यू जर्सीत डिस्पेन्सरी म्हणजे गांजाचे परवानाधारक दुकान. तिथे डॉक्टर बसत नाही.

दाखला, चिठ्ठी नव्हे

1970 च्या संघीय कायद्याने गांजा पहिल्या परिशिष्टात, म्हणजे हेरॉइनच्या पंगतीत बसवला. त्या परिशिष्टातल्या पदार्थाची औषधचिठ्ठी अमेरिकेतला कोणताही डॉक्टर लिहू शकत नाही. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये जनमताने वैद्यकीय वापराला परवानगी दिली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना परवाने काढून घेण्याची धमकी केंद्राकडून आली. प्रकरण न्यायालयात गेले. नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या संघीय अपील न्यायालयाने 2002 मध्ये निकाल दिला, की रुग्णाला गांजाविषयी सल्ला देणे हे डॉक्टरच्या भाषणस्वातंत्र्यात येते. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. डॉक्टर गांजा लिहून देत नाही, रुग्णाला तो पात्र ठरवणारा आजार आहे एवढे प्रमाणित करतो, ही तडजोड तेव्हापासून चालत आली आहे.

तडजोडीची किंमत रुग्ण मोजतो. दाखल्यावर आजार असतो आणि 30 दिवसांत जास्तीत जास्त किती माल घेता येईल हे असते. कोणता प्रकार, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, हे बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवर ठरते, आणि काउंटरपलीकडच्या माणसाला तुमची किडनी कशी आहे हे माहीत नसते. म्हणून दाखला कोण देतो याला एवढे महत्त्व आहे.

कायद्याची वाटचाल

न्यू जर्सीचा पहिला कायदा जानेवारी 2010 मध्ये झाला. गव्हर्नर जॉन कॉर्झाइन यांनी पद सोडता सोडता त्यावर सही केली. पहिली डिस्पेन्सरी उघडायला डिसेंबर 2012 उजाडला, माँटक्लेअर गावात. सुरुवातीला कार्डाचीच फी 200 डॉलर होती आणि आजारांची यादी आखूड होती. 2018 मध्ये यादीत चिंताविकार, मायग्रेन आणि जुनाट वेदनांची भर पडली, फी निम्मी झाली.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला जेक होनिग हा सात वर्षांचा मुलगा मेंदूच्या कर्करोगाने गेला. शेवटच्या दिवसांत त्याच्या वेदना गांजाच्या तेलाने कमी व्हायच्या. पण कायद्याने ठरवलेला महिन्याचा 2 औंसांचा कोटा संपला, की आईवडिलांच्या हातात पुन्हा मॉर्फिनसारखी औषधे उरत. जुलै 2019 मध्ये सुधारित कायदा झाला तो त्याच्या नावाने. मर्यादा 3 औंस, म्हणजे सुमारे 85 ग्रॅम झाली, मरणासन्न रुग्णांना ती मर्यादाच राहिली नाही, आणि डॉक्टरांबरोबर फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरच्या जोडीने रुग्ण तपासणारे प्रशिक्षित सहायक) व उच्चप्रशिक्षित परिचारिका यांनाही दाखला देण्याचा अधिकार मिळाला. दवाखान्यांमध्ये पुष्कळ रुग्ण याच मंडळींच्या हाताखालून जातात, त्यामुळे फॅमिली डॉक्टरचा मार्ग खऱ्या अर्थाने इथून रुंद झाला.

एप्रिल 2022 पासून 21 वर्षांवरील कोणालाही राज्यात कार्डाशिवाय गांजा विकत मिळतो. त्यानंतर कार्डधारकांची संख्या घटत गेली. तरीही कार्डाला अर्थ उरला आहे: जुलै 2022 पासून कार्डधारकाला विक्रीकर लागत नाही, खरेदीची मर्यादा जास्त असते, 21 वर्षांखालील रुग्णाला दुसरा कायदेशीर रस्ताच नाही. डिजिटल कार्ड 2024 पासून मोफत आहे. हातात धरायचे कार्ड हवे असेल तर 10 डॉलर. घरी रोप लावणे मात्र कार्ड असले तरी गुन्हाच.

दवाखान्यात काय होते

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसन गावात मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या सत्तरीच्या आजी आहेत. दोन्ही गुडघे झिजलेले, रात्री झोप नाही, वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडलेले. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ ठेवायला वॉरफरीन चालू आहे. मुलगा म्हणतो, “डॉक्टर, आईला कार्ड मिळेल का?”

जुनाट वेदना यादीत आहेत, म्हणजे कायद्याने उत्तर ‘हो’. फॅमिली डॉक्टर तिथे थांबत नाही. गांजातला सीबीडी हा घटक यकृतात वॉरफरीनचे विघटन मंदावतो. औषध अंगात साठते, रक्त जास्त पातळ होते. दाखला द्यायचा तर रक्ताची तपासणी लवकर लवकर करावी लागेल, कदाचित वॉरफरीनची मात्राही कमी करावी लागेल. मग डॉक्टर आजींना खुर्चीतून उठून चालून दाखवायला सांगतो, कारण नशा आणणाऱ्या टीएचसीने रात्री बाथरूमला जाताना तोल जातो आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे अंथरुणाला खिळणे. घरात कोणाला मानसिक आजाराचा, भ्रम होण्याचा इतिहास आहे का, हाही प्रश्न येतो. शेवटी मात्रा: झोपताना अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी टीएचसी, आणि तोंडाने घेतलेल्याचा परिणाम जाणवायला दोन तासही लागू शकतात, तेव्हा ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरी गोळी घ्यायची नाही. ही शेवटची सूचना मुलाने कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावी इतकी महत्त्वाची आहे. तातडीच्या विभागात येणारे काही वयस्कर लोक या दुसऱ्या गोळीमुळेच आलेले असतात.

पुढचे काम कारकुनी आहे. डॉक्टर मंडळाच्या संगणकीय नोंदवहीत दाखला भरतो आणि रुग्णाला एक संदर्भ क्रमांक देतो. रुग्ण तो क्रमांक, फोटो आणि राज्यातल्या रहिवासाचा पुरावा घेऊन स्वतः ऑनलाइन अर्ज करतो. ज्याला दुकानापर्यंत जाता येत नाही त्याच्या वतीने नोंदणीकृत काळजीवाहक माल आणू शकतो.

दवाखाने नाही का म्हणतात

ऐकायला सोपे वाटते, तरी अनेक फॅमिली डॉक्टर हात वर करतात. गरिबांसाठीची सामुदायिक आरोग्य केंद्रे संघीय अनुदानावर चालतात आणि ते अनुदान धोक्यात यायची भीती त्यांना असते. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना तर दाखला द्यायला मनाईच आहे. रुग्ण गांजा घेतो हे ते फाइलमध्ये लिहू शकतात, इतकेच. शिवाय वैद्यकीय शिक्षणात हा विषय जवळजवळ नव्हताच, आणि ज्याची मात्रा आपल्या हातात नाही त्याची जबाबदारी घ्यायला डॉक्टर कचरतो. हे समजण्यासारखे आहे.

नकार मिळालेला रुग्ण मग फक्त दाखले देणाऱ्या सेवांकडे वळतो. व्हिडिओवर काही मिनिटांची भेट, रोख फी, दाखला हातात. विमा कंपन्या आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) गांजाचा खर्च देत नाहीत, म्हणून तिथे सगळे पदरचे. काही सेवा मन लावून तपासतात. परंतु वॉरफरीनचा उल्लेख रुग्णाने आपणहून केला नाही तर पुष्कळदा तो कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आपल्याकडचे ज्येष्ठ न विचारता सांगत नाहीत. फॅमिली डॉक्टरने ‘आम्ही देत नाही’ म्हटले तरी बाहेरून दाखला आणल्याचे त्याला कळवायला हवे. फाइलमध्ये नोंद राहिली, तर निदान औषधांची टक्कर तरी टळेल.

पुराव्याची बाजूही यादीएवढी रुंद नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या 2017 च्या अहवालाने प्रौढांच्या जुनाट वेदना, केमोथेरपीची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा या तीन ठिकाणी भक्कम आधार असल्याचे म्हटले. न्यू जर्सीच्या यादीतल्या चिंताविकाराबाबत तसे म्हणता येत नाही. जास्त मात्रेने चिंता वाढतेच.

मराठी कुटुंबांसाठी

राज्याचा कायदा राज्यापुरता. एच-1बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्यांना संघीय कायदा लागू असतो आणि त्याच्या लेखी कार्ड म्हणजे काहीच नाही. नागरिकत्व खात्याने एप्रिल 2019 मध्ये स्पष्ट केले, की राज्यात कायदेशीर असलेला गांजासुद्धा नागरिकत्वाच्या अर्जातल्या ‘सच्चारित्र्या’च्या अटीच्या आड येऊ शकतो. नागरिक नसलेल्याने दवाखान्याची वेळ घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाची वेळ घ्यावी.

पाश्चात्त्य वैद्यकात हे औषध रुजले ते 1839 च्या सुमारास, विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्त्यात केलेल्या प्रयोगांमुळे. आज मात्र भारतात 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानुसार गांजा आणि चरस निषिद्ध आहेत. पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही, पण न्यू जर्सीतल्या दुकानातून घेतलेली तेलाची बाटली किंवा गोळ्यांची डबी भांग ठरत नाही, आणि मुंबईच्या विमानतळावर कार्ड दाखवून सुटका होत नाही. ती बाटली किंवा डबी न्यू जर्सीतल्या न्यूअर्कहून निघणाऱ्या विमानातही चढवू नये. रोज रात्री घेणाऱ्याला भारतातल्या महिन्या-दीड महिन्याच्या मुक्कामात गांजा एकदम बंद करावा लागतो, आणि पहिला आठवडा झोप उडणे, चिडचिड, भूक मंदावणे यांत जातो. तिकीट काढल्याबरोबर डॉक्टरला सांगितले तर मात्रा हळूहळू उतरवता येते आणि मधल्या दिवसांसाठी वेदनेवर दुसरे औषधही लिहून घेता येते. त्या औषधाची चिठ्ठी मिळते.